एअरोटर बर कसा धरतो, कसा सोडतो आणि पकड कशी सांभाळायची

एअरोटर म्हणजे हवेच्या जोराने फिरणारा, दात कोरायचा हँडपीस (हातात धरायचं यंत्र), आणि बर म्हणजे त्यात बसवायचं कापणारं टोक. बर बसवला, बटण सोडलं, 'टक्' आवाज आला की काम झालं असं धरून चालायची सवय क्लिनिकमध्ये सगळ्यांनाच लागते. पण तो आवाज बटण वर आल्याचा असतो. बर तळापर्यंत गेला आहे का, आतल्या चिमट्याने त्याला नीट धरलं आहे का, हे त्या आवाजावरून कळत नाही. ते कळतं बर ओढून बघितल्यावरच, आणि त्याला दोन सेकंद लागतात.

१.२ मिमी डोक्याचा बर मिनिटाला ४,००,००० फेऱ्यांनी मोकळा फिरत असेल, तर त्याची कड सेकंदाला साधारण २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरने धावते. लोकल पूर्ण वेगात असताना साधारण इतकीच पळते. दाताला टेकल्यावर हा वेग बराच उतरतो, तरीही एवढं वेगाचं हत्यार जिभेपासून बोटभर अंतरावर असतं आणि त्याला धरून ठेवायला आत फक्त एक छोटा चिमटा असतो. तो चिमटा कसा चालतो, कशाने बिघडतो आणि रोज काय बघायचं, हे डॉक्टर आणि असिस्टंट दोघांनाही नीट माहीत असावं म्हणून हे लिहिलं आहे.

आधी दांडी बघा

बर तीन प्रकारच्या दांड्यांचे येतात. एफजी, म्हणजे घर्षणाने धरला जाणारा, १.६० मिमी जाडीचा. ही दांडी सरळ आणि गुळगुळीत असते, तिला कुठेही खाच नसते. नेहमीच्या बरची एकूण लांबी १९ मिमीच्या आसपास असते. आरए काँट्रा-अँगलसाठी, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या वाकड्या मानेच्या हँडपीससाठी, २.३५ मिमी जाडीचा, टोकाजवळ गोल खाच आणि एक बाजू सपाट तासलेली. एचपी स्ट्रेट हँडपीससाठी, जाडी तीच २.३५ मिमी, पण खाच नाही आणि लांबी ४४ मिमीच्या आसपास.

पाकिटावर आकड्यांची ओळ असते, ती वाचायची सवय लावून घ्या. ८०६ ३१४ ००१ ५२४ ०१२ असं लिहिलं असेल, तर ८०६ म्हणजे डायमंड, ३१४ म्हणजे नेहमीच्या लांबीची एफजी दांडी, ००१ म्हणजे गोल आकार, ५२४ म्हणजे मध्यम दाणा आणि ०१२ म्हणजे डोक्याची जाडी १.२ मिमी. पकडीच्या दृष्टीने दुसरा गट महत्त्वाचा. ३१३ असेल तर आखूड एफजी, २०४ असेल तर आरए, १०४ असेल तर एचपी. लहान मुलांसाठी आणि मागच्या दाढांसाठी आणलेले ३१३ चे बर नेहमीच्या, बर खोचून ठेवायच्या ब्लॉकमध्ये मिसळले गेले, की कुठला बर किती आत जायला हवा याचा डोळ्यांना बसलेला अंदाज चुकतो. आखूड बरसाठी ब्लॉक वेगळाच ठेवा.

एफजी दांडीची जाडी १.५९ ते १.६० मिमीच्या आतच असावी लागते. म्हणजे मुभा फक्त ०.०१ मिमीची. डोक्यावरचा केस याच्या काही पट जाड असतो. दांडी जरा बारीक निघाली तर चिमटा तिला अर्धवट धरतो. जरा जाड निघाली तर आत जाताना चिमट्याच्या पाकळ्या कायमच्या फाकवते, आणि मग चांगला बरही त्यात ढिला बसतो. स्वस्तातल्या बरचं खरं नुकसान इथे होतं. बर दहा पेशंटनंतर फेकला जातो, पण त्याने फाकवलेला चक, म्हणजे तो चिमटा, तसाच राहतो.

नवीन ठिकाणाहून बर घेतले असतील तर पाकिटातले दोन-तीन मोजून बघा. डिजिटल व्हर्नियर इथे कामाचा नाही. त्यावर ०.०१ मिमीपर्यंत आकडा दिसतो, पण त्याची स्वतःची चूक ०.०२ मिमीपर्यंत असू शकते. ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर लागतो. मुंबईत नागदेवीला हत्यारांच्या दुकानांत तो मिळतो, आणि नसेल घ्यायचा तर ओळखीच्या लेथवाल्याकडे असतोच. दांडी दोन-तीन ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणी पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. आकडे बदलत असतील तर ती दांडी गोल नाही. असा बर फिरताना थरथरतो.

पुश बटणाच्या आत

एअरोटरच्या डोक्यात एक पोकळ आस असतो. त्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग आणि मध्ये हवेचा मारा घेणारी पंख्यासारखी चकती, म्हणजे टर्बाइन. हे सगळं मिळून जे एकत्र बाहेर निघतं, त्याला आपण कार्ट्रिज म्हणतो. त्या पोकळ आसाच्या आत चक बसवलेला असतो. चक म्हणजे पोलादाची बारीक नळी, तिला उभ्या चिरा देऊन केलेल्या पाकळ्या. या पाकळ्या स्वतःच्या ताणाने आत दाबलेल्या असतात. काही बनावटींत त्यांना स्प्रिंग मागे खेचते, आणि मागे जाताना निमुळत्या भोकात अडकून त्या आवळल्या जातात. बर आत नसताना मधलं भोक दांडीपेक्षा किंचित लहान असतं. बर आत गेला की पाकळ्यांना बाहेर सरावं लागतं, आणि तोच ताण म्हणजे पकड.

बटण दाबलं की त्याखालचा दट्ट्या पाकळ्यांच्या मागच्या टोकात पाचरीसारखा घुसतो, किंवा चकला निमुळत्या भोकातून पुढे ढकलतो. पाकळ्या उघडतात, बर मोकळा होतो. बटण सोडलं की बटणाखालची स्प्रिंग त्याला वर उचलते, आणि बटण व फिरणारा भाग यांच्यात पुन्हा थोडीशी फट पडते.

ही फट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एअरोटर चालू असताना बटण गालाला टेकलं, मागच्या दाढेवर काम करताना गाल ओढून धरायला डोक्याचाच आधार घेतला, तर ती फट बुजते. स्थिर बटण आणि लाखो फेरे घेणारा चक एकमेकांना घासतात. काही सेकंदांत बटण इतकं तापतं की गाल भाजतो. दात बधिर केलेला असतो, पेशंटला कळतच नाही. इलेक्ट्रिक मोटरच्या हँडपीसमध्ये हा धोका जास्त आहे, कारण हवेचं टर्बाइन अडलं की थांबतं, पण मोटर जोर लावून फिरवतच राहते. अमेरिकेत औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २००७ साली इलेक्ट्रिक हँडपीसने पेशंट भाजल्याबद्दल इशारा दिला होता. त्यात काही जखमा खोलवर होत्या. गाल बाजूला धरायला आरसा किंवा रिट्रॅक्टर वापरा. चालू हँडपीसचं बटण गालाला टेकलं, तर लगेच बाजूला घ्या आणि बोटाने ते तापलं आहे का बघा.

याच घासण्यामुळे पकडही जाते. बटण दाबलं गेलं की पाकळ्या सैल होतात, आणि त्याच वेळी चक तापतो. म्हणून चालू असताना बटणाला बोटही लावायचं नाही. पायपट्टी सोडल्यावर टर्बाइन काही क्षण स्वतःच्या गतीने फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत बर काढायला हात पुढे करू नका.

बर बसवताना

आधी दांडी पुसा. हातमोज्यावरचं जेल, तेल किंवा रक्ताचा ओशट थर दांडीवर राहिला तर घर्षण कमी होतं, आणि एफजीची सगळी मदार घर्षणावरच आहे. नव्या बरलाही पाकिटात तेलाचा हलका हात लागलेला असू शकतो. स्वच्छ, कोरड्या गॉझने एकदा ओढून पुसला की झालं.

बटण पूर्ण दाबा. अर्धवट दाबलं तर पाकळ्या अर्ध्याच उघडतात, बर जोर लावून आत जातो आणि पाकळ्यांच्या तोंडाला ओरखडे पडतात. बटण दाबून ठेवूनच बर सरळ आत सरकवा, तळ लागला असं बोटाला जाणवेपर्यंत. मग बटण सोडा. आता गॉझ दुमडून बरची मान त्यात धरा आणि सरळ ओढा. पेनचं घट्ट टोपण काढायला जितका जोर लागतो तितका पुरे. बर हलता कामा नये. डोक्याजवळ बोटं नेऊ नका. डायमंड बर हातमोजा सहज फाडतो.

एक छोटी गोष्ट करून ठेवा. प्रत्येक एअरोटरमध्ये नवा १९ मिमीचा बर पूर्ण बसवून, बाहेर किती मिमी राहतो ते पट्टीने मोजा आणि बर ब्लॉकजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढे कुणीही बसवला तरी बाहेरची लांबी एका नजरेत जुळवता येते. बर दोन मिमीही बाहेर राहिला तर दोन गोष्टी होतात. पाकळ्यांना धरायला दांडी कमी मिळते, आणि बाहेरचा भाग लांब झाल्याने बाजूच्या दाबाने दांडी वाकते. दांडी वाकली की फिरताना ती आणखी बाहेर फेकली जाते, आणि एवढ्या वेगात ती मानेपाशी तुटते किंवा चकमधून निसटते. 'लांब दात आहे, थोडा बाहेर ठेवला तर पोचेल' हा हिशेब कधीच करू नका. लांब दांडीचा बर वेगळा मिळतो, तो घ्या, आणि त्या हँडपीसच्या सूचनापत्रात किती लांबीचा आणि किती जाड डोक्याचा बर चालतो ते आधी वाचा.

बसवल्यावर पेशंटच्या तोंडाबाहेर, चेहऱ्यापासून लांब धरून, पाणी चालू ठेवून पाच सेकंद फिरवा. आवाज एकसारखा हवा. थरथर जाणवली तर थांबवा, बर काढून दुसरा घालून बघा. थरथर गेली तर पहिला बर वाकडा. राहिली तर चक किंवा बेअरिंग.

चावीचे, लॅचचे आणि स्ट्रेटचे

जुन्या चावीच्या एअरोटरमध्ये चक हाताने आवळावा लागतो. मागच्या झाकणातल्या भोकातून चावी आत घालायची, बर दुसऱ्या हाताने गॉझमध्ये धरायचा, आणि चावी घड्याळाच्या दिशेने घट्ट लागेपर्यंत फिरवायची. 'घट्ट' म्हणजे बोटांच्या जोराने घट्ट. पकडीने आवळलं तर चकचे आटे जातात आणि चावीचं चौकोनी भोक गोल होतं, मग तो बर कुणालाच निघत नाही. चावीची टोकं झिजली की नवी चावी घ्या. झिजलेली चावी चांगल्या चकचंही भोक खराब करते. चावीच्या चकची पकड चांगली असते. त्यातली खरी अडचण अशी, की आवळायचं राहून गेलं तरी बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून ओढून बघणं इथे दुप्पट गरजेचं.

काँट्रावरची रंगीत पट्टी बघा. निळी पट्टी म्हणजे मोटर जितकी फिरते तितकाच बर फिरतो, हिरवी म्हणजे वेग कमी होतो, लाल म्हणजे वाढतो. लाल पट्टीचा एकास पाचचा काँट्रा ४०,००० फेऱ्यांच्या मोटरवर बरला २,००,००० फेरे देतो, आणि त्यात एफजी बर लागतो. निळ्या-हिरव्यात सहसा आरए. आरएच्या दांडीतून एफजी धरायची जोडणारी नळीही बाजारात मिळते. ती सावकाश फिरवायच्या कामापुरतीच. वाढलेल्या वेगात ती वापरू नका.

लॅचची, म्हणजे आरए दांडीची, पकड वेगळ्या तत्त्वावर चालते, आणि मला ती समजायला सगळ्यात सोपी वाटते. दांडीच्या टोकाची सपाट बाजू डोक्यातल्या तशाच आकाराच्या घरात बसते, आणि फिरवण्याचा सगळा जोर तिथून मिळतो. मागची पट्टी सरकून गोल खाचेत शिरते आणि बर बाहेर येऊ देत नाही. म्हणजे फिरवणारा भाग वेगळा, अडवणारा वेगळा. बसवताना पट्टी उघडा, बर आत घाला आणि हळूहळू फिरवत राहा. सपाट बाजू जुळली की बर थोडा आणखी आत पडतो, ते बोटाला कळतं. मगच पट्टी बंद करा. पट्टी जोर लावून बंद होत असेल तर बर आत पडलेला नाही, पुन्हा फिरवून बघा. लॅचचा बर हलकासा खुळखुळतो, ते त्याच्या बनावटीतच आहे. पण सपाट बाजूची कड गोल झाली असेल तर बर जागच्या जागी घसरतो आणि कापणं थांबतं. पॉलिश करायच्या प्लास्टिक दांडीच्या ब्रशचं हे लवकर होतं. ते एकदाच वापरायचे.

स्ट्रेट हँडपीसला मध्ये फिरणारी कडी असते. कडी 'उघडा'च्या खुणेकडे फिरवा, एचपी बर तळापर्यंत घाला, कडी परत पूर्ण फिरवा. आतला चक स्प्रिंगने मागे खेचला जाऊन आवळतो. अक्कलदाढ काढताना हाड तासायला लावलेला ७०२ नंबरचा बर जरा वर राहिला तर तो वाकतो आणि हाडात अडकून तुटतो, म्हणून इथेही तळ लागला का ते बघा. कडी अर्धवट बंद असताना मोटर सुरू केली तर चक घासला जातो. मोटर चालू असताना कडीला हात लावणंही तितकंच वाईट. आणि बर न घालता कुठलाही हँडपीस नुसता फिरवू नका. चक रिकामा असताना पाकळ्या आत मिटलेल्या असतात, फिरताना त्या आणि बेअरिंग दोन्ही बिघडतात. तेल काढायला फिरवताना जुना, बोथट बर किंवा चाचणीची नुसती दांडी घालून ठेवा.

पकड ढिली झाली, हे दांडीच सांगते

काम झाल्यावर बर काढला की दांडी एकदा भिंगातून बघा. डोळ्यांवर लूप असतातच, वेगळं काही लागत नाही. दांडीभोवती गोल-गोल बारीक ओरखडे दिसले तर बर चकमध्ये घसरला, म्हणजे चक फिरत होता आणि बर मागे पडत होता. उभे ओरखडे असतील तर बर बाहेर सरकत होता, किंवा बटण अर्धवट दाबून घातला गेला. एका पट्ट्यावर तपकिरी किंवा निळसर छटा दिसली तर ती जागा तापली. चांगल्या पकडीत दांडी जवळजवळ नव्यासारखीच चकचकीत राहते.

गोल ओरखडे दिसले तर तोच बर पुन्हा वापरू नका. दुसऱ्या एअरोटरमध्ये नवा बर घालून बघा, आणि संशयातल्या एअरोटरमध्येही नवाच बर घालून बघा. नवा बर जुन्यात घसरतो आणि दुसऱ्यात नाही, तर चक गेला. दोन्हीकडे ठीक बसतो, तर आधीचा बरच बारीक होता. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि कार्ट्रिज उगाच बदलण्याचा खर्च वाचवते.

कापताना बर थांबतो, आवाज चालू राहतो, तेव्हा पुष्कळ जण हवेचा दाब वाढवतात. बर घसरत असेल तर दाब वाढवून काही होत नाही, घर्षणाने फक्त उष्णता वाढते. बहुतेक टर्बाइनना नळीच्या टोकाशी साधारण ३० ते ४० पीएसआय (दाबाचं एकक) लागतो, नेमका आकडा सूचनापत्रात असतो. दाब युनिटच्या काट्यावर न बघता हँडपीसच्या जोडावर मापक लावून बघा. दाब वर चढवून ठेवला की बेअरिंग आधी आवाज करतात, मग चकवर ताण येतो.

बटणाकडेही लक्ष ठेवा. दाबून सोडलं की ते चटकन वर आलं पाहिजे. सावकाश येत असेल किंवा खाली चिकटत असेल, तर आत वाळलेलं रक्त, दातांचा चुरा किंवा गंज आहे. बटणाखालची ती फट आता बंद आहे असं समजा आणि तो एअरोटर बाजूला ठेवा.

बर निसटला तर

घाबरून पेशंटला झटक्यात उठवू नका. मान एका बाजूला वळवा, त्याला न गिळता थांबायला सांगा, मोठ्या सक्शनने तोंड साफ करा. बर दिसला नाही तर सक्शनची जाळी, चुळीचं भांडं आणि पेशंटचा नॅपकिन तपासा. तिथेही नसेल तर छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढून घ्यायलाच हवा, पेशंटला काही त्रास होत नसला तरी. श्वासनलिकेत गेलेला बर सुरुवातीला खोकलाही आणेलच असं नाही. रबर डॅम (दाताभोवती ताणून लावायचा रबराचा पडदा) लावलेला असेल तर हा प्रसंग सहसा येत नाही, हे रबर डॅमच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण आहे.

अडकलेला बर

बटण दाबूनही बर निघत नाही, हे पावसाळ्यात जास्त होतं. पहिलं काम, हातोडी आणि पिळणं दोन्ही टाळा. पकडीने बर पिळला की पाकळ्या वाकतात. चकच्या तोंडाशी आणि बटणाच्या कडेला हँडपीसचं तेल मारा, दहा मिनिटं थांबा. बटण पूर्ण दाबून धरा आणि सुईच्या तोंडाच्या पकडीने बरची मान धरून सरळ रेषेत ओढा. दोनदा-तीनदा करूनही निघाला नाही तर थांबा आणि दुरुस्तीला पाठवा. निघाला, तर तो बर पांढऱ्या, भोसकला न जाणाऱ्या डब्यात टाका आणि चक साफ केल्याशिवाय दुसरा घालू नका.

बर अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बर आत ठेवूनच ऑटोक्लेव्ह करणं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं). १३४ अंशांवर वाफ आत शिरते, दांडी आणि पाकळ्या यांच्यात ओल राहते, आणि पाकळ्या ताणलेल्या अवस्थेतच तापून थंड होतात. ऑटोक्लेव्हमध्ये जाताना हँडपीस रिकामाच हवा. १३५ अंशांच्या वर कधी नाही.

पावसाळा, कंप्रेसर आणि तेल

मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की कंप्रेसरच्या टाकीत रोज पाणी साठतं. छोट्या क्लिनिकमध्ये कंप्रेसर माळ्यावर किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात असतो, तिथली हवा तर आणखी दमट. ते पाणी हवेबरोबर नळीतून थेट बेअरिंगमध्ये आणि चकमध्ये जातं. टाकीखालचा कॉक सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी उघडा आणि पाणी संपून नुसती हवा येईपर्यंत उघडा ठेवा. पावसाळ्यात दुपारीही एकदा. हवेच्या फिल्टरचा काचेचा कप पाण्याने भरलेला दिसला तर तो रिकामा करणं हेच दुरुस्तीचं पहिलं पाऊल. जमत असेल तर कंप्रेसर बाथरूमबाहेर काढा. इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

पाण्याचंही बघा. पालिकेचं तलावाचं पाणी तुलनेने मृदू असतं, पण सोसायटीला टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर क्षार स्प्रेच्या भोकांत आणि डोक्यात साठतात. युनिटच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी वापरा.

एअरोटर थांबताना डोक्यात क्षणभर पोकळी तयार होते आणि लाळ, रक्त, चुरा आत ओढला जातो. हाच मळ चकच्या चिरांत वाळतो. म्हणून प्रत्येक पेशंटनंतर, बर आत असतानाच, पाणी आणि हवा २० ते ३० सेकंद बाहेर फिरवा. मग बर काढा, बाहेरून पुसा. मागच्या बाजूने तेलाचा स्प्रे दोन-तीन सेकंद मारा, तोंडाकडून स्वच्छ तेल येईपर्यंत. पहिल्यांदा काळपट येतं, ते झिजलेल्या धातूचं आणि मळाचं. चाचणीची दांडी घालून थोडा वेळ फिरवा म्हणजे जादा तेल निघेल, मग पाकिटात घालून ऑटोक्लेव्ह.

मागून मारलेलं तेल चकच्या पाकळ्यांपर्यंत पोचतंच असं नाही. आठवड्यातून एकदा चकसाठी वेगळ्या बारीक तोंडाची नळी लावून, बटण न दाबता, बर जातो त्या भोकातून एक सेकंद तेल मारा. मग बर दोन-तीनदा घालून-काढून मळ बाहेर आणा आणि तो बर पुसून टाका. यानंतर भोकात तेल राहू देऊ नका, नाहीतर पुढचा बर त्याच तेलावर घसरेल. ऑटोक्लेव्हचं सुकवण्याचं चक्र मध्येच बंद करून ओलं पाकीट बाहेर काढण्याची घाई पावसाळ्यात महागात पडते. ओल्या पाकिटातला एअरोटर संध्याकाळपर्यंत आतून गंजायला लागतो.

कार्ट्रिज बदलताना

चक झिजला की बहुतेक वेळा अख्खी कार्ट्रिज बदलावी लागते. मागचं झाकण त्याच्यासाठी दिलेल्या चावीने घड्याळाच्या उलट दिशेने उघडा. बर जातो त्या बाजूने चाचणीची दांडी आत धरून हलकेच ढकला, कार्ट्रिज मागून बाहेर येते. डोक्याच्या आतली भिंत गॉझने पुसा, ओ-रिंग (रबराची गोल कडी) बघा. चपटी झालेली, भेगाळलेली असेल तर बदला, कारण तीच बेअरिंगला उशीसारखा आधार देते. नव्या कार्ट्रिजवरची बारीक पिन डोक्यातल्या खाचेत बसली पाहिजे. पिन जुळल्याशिवाय झाकण आवळलं तर कार्ट्रिज तिरकी बसते आणि पहिल्याच दिवशी ओरडते. झाकण बोटांनी लावा, शेवटचा हलका ताण चावीने द्या. मग तेल, चाचणीची दांडी, आणि तोंडाबाहेर अर्धा मिनिट फिरवणं.

बेअरिंगचं बाहेरचं माप ६.३५ मिमी आणि आतलं ३.१७५ मिमी असतं म्हणून त्याच मापाची साधी बेअरिंग बाजारातून आणून घालण्याचा मोह होतो. तसं करू नका. टर्बाइनच्या बेअरिंगच्या गोळ्या, त्यांचं पिंजऱ्याचं साहित्य आणि वाफ सोसण्याची ताकद वेगळी असते. साधी बेअरिंग ऑटोक्लेव्हची एक-दोन चक्रंही झेलत नाहीत.

दुरुस्तीला पाठवताना हँडपीस साफ करून, ऑटोक्लेव्ह करूनच पाठवा. सोबत चिठ्ठी लिहा: बर घसरतो, निघत नाही, की बटण चिकटतं, नव्या बरनेही होतं का, हवेचा दाब किती ठेवता. ज्या बरवर गोल ओरखडे पडले तो बरही निर्जंतुक करून, छोट्या डबीत घालून सोबत द्या. त्यावरून मेकॅनिकला चक न उघडताही निम्मं कळतं.